यासीनसाठी पिस्तूल

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

हॉस्पिटलात यासीनला पाहून आलो. लकव्याने उजवी बाजू पूर्ण गेली आहे. तोंड वाकडं झालंय, आणि बोलायला गेला की घशातून नुसता आवाज येतो. मी विचारलं, "यासीन, ओळखलंस का?" तर डाव्या हाताच्या बोटांचं पिस्तूल करून त्याने माझ्यावर रोखलं आणि मग रडायला लागला. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कळत नाही. उशी जरा वर सरकवली आणि बाहेर आलो.

इथे बहरीनच्या आमच्या नेमबाजी क्लबात यासीन कितीतरी वर्षं आहे. टार्गेटचे कागद बदलणं, जमिनीवरचे शिशाचे छर्रे झाडून गोळा करणं, सगळ्यांना चहा देणं. मूळ कोकणातल्या म्हसळ्याचा. नोकर क्लबचा नाही, माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीचा, आणि त्या कंपनीने आता अंग काढून घेतलं आहे. घरी पाठवायचं तर विमानात स्ट्रेचरवर आडवा न्यावा लागेल, सोबत नर्स. तो खर्च त्याच्या घरच्यांच्या आवाक्यातला नाही. बायको रोज क्लबातल्या सिराजभाईंना फोन करते, माणूस जसा असेल तसा पाठवा म्हणते.

संध्याकाळी क्लबात मीटिंग झाली. फराज आमचा सेक्रेटरी. तो म्हणाला, सोडत काढू, परवानगी मी आणतो. बक्षीस काय ठेवायचं यावर बराच वेळ गेला. मग सिराजभाई म्हणाले, "पिस्तूल ठेवा. प्रत्येकाने घरात पडलेला एकेक पार्ट द्यायचा, नि दत्ताभाऊ जोडतील. असं पिस्तूल बाजारात मिळणार नाही."

म्हणजे आम्ही दहा मीटरवर वापरतो तसं हवेच्या दाबावर चालणारं. इथल्या नियमाप्रमाणे ते जिंकणाऱ्याच्या नावावर होईल, पण राहील क्लबच्या तिजोरीतच. जोडायचंही क्लबातच.

मी लगेच हो म्हटलं. यासीनसाठी तर खरंच. पण बऱ्याच दिवसांत हाताला मनासारखं काम मिळालेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पार्ट येऊ लागले. एका निवृत्त बहरीनी मेंबरने नळी दिली, जुनी पण आतून आरशासारखी. गेल्या वर्षी वारलेल्या एका मेंबरच्या मुलीने त्याच्या पिस्तुलाचा सांगाडा पाठवला. हवेचं सिलिंडर मात्र नवं घ्यायचं ठरलं, त्याची मुदत संपलेली चालत नाही. ट्रिगर फराजचा. त्यातला खटका, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत हातोडीला अडवून धरणारा नखाएवढा पोलादी तुकडा, जरा घासलेला वाटला. मी तसं म्हटलं तर फराज म्हणाला, "दत्ताजी, दस साल चला है, आगे भी चलेगा." बघू.

आज सांगाडा सोडवून साफ केला. स्क्रू सारखे हातून निसटत होते. सिराजभाई वाकून वाकून उचलून देत होते. हा स्वस्तातला स्क्रूड्रायव्हर फेकून दिला पाहिजे, मुठीला पकडच नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या हिने, सुनीताने, माझ्या दोन शर्टांची बटणं काढून तिथे चिकटपट्ट्या लावल्या आहेत. बटणं बाहेरून दिसतात, पण ती नुसती शोभेची. म्हणे हल्ली असेच मिळतात, सकाळी घाई होत नाही. मी म्हटलं, घाई मला नसते, तुला असते. तिने शर्ट घडी करून कपाटात ठेवले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तुबलीला सिराजभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. लेथवर त्यांनी नेम धरायच्या मागच्या खाचेचा भाग काढलाय, सुरेख. शेजारच्या सुताराने अक्रोडाचा ठोकळा फुकट दिला. यासीन त्याच्याकडेही जुम्म्याच्या दिवशी जेवायला जायचा असं कळलं.

मूठ माझ्या हाताच्या मापाने करायची ठरली. मध्यम हात आहे, जिंकणाऱ्याला थोडं कमी-जास्त करून चालेल. लाकूडकामाच्या मऊ लांबीचा गोळा मुठीत दाबून साचा घेतला. क्लबातून माझ्या स्वतःच्या पिस्तुलाची लाकडी मूठ काढून आणली होती, ती ताडून पाहायला ठेवली. ती मीच कोरलेली आहे, आठ वर्षांपूर्वी. दोन्हींत बराच फरक निघाला. अंगठ्याखालचा जो उंचवटा असतो तिथे जुन्या मुठीत खोल खळगा आहे, आणि नव्या साच्यात जेमतेम दाब. जुनी मूठ हातात धरली तर ढिली लागली. क्लबच्या एसीत लाकूड सुकून आकसलं असणार, म्हणून खळगा मोठा झाला.

सिराजभाई म्हणाले, "लाकूड आकसलं तर मूठ आवळ होईल हो, ढिली कशी होईल?"

मी म्हटलं, लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही.

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला, भाजी घेताना बघतात तसा. "वजन कमी झालंय काय तुमचं?" म्हणाले. मग चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही यासीनबद्दल बोलत होतो. त्याला आता भरवावं लागतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. सनाबिसच्या ह्या फ्लॅटमधली ही आमची अकरावी दिवाळी. गॅलरीत पणत्या लावायला घेतल्या, तर लायटर दाबलाच जाईना. खराब झाला असेल म्हणून फेकणार होतो, कस्तुरीने हातातून घेतला आणि एका झटक्यात पेटवला. मग सगळ्या पणत्या तिनेच लावल्या.

नंतर बाही वर करून बसलो होतो तर ती माझ्या दंडाकडे बघत राहिली. "बाबा, व्हॉट इज दॅट? इट्स मूव्हिंग."

कातडीखाली काहीतरी फडफडत होतं, पापणी लवते तसं. गेला महिनाभर असतं ते मधूनमधून. दुखत नाही. मी म्हटलं, क्षार कमी झालेत, केळी खायला हवीत.

"यू शुड सी समवन."

"तू आधी बारावीचं बघ," मी म्हटलं. ती आत निघून गेली. सुनीता करंज्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

१० नोव्हेंबर, रविवार

सुनीताने परस्पर माझी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती. मेंदू आणि नसांच्या डॉक्टरची. मला न विचारता. ऑफिसात मेसेज आला तेव्हा कळलं. मी फोन करून रद्द केली. घरी आल्यावर म्हणालो, पिस्तूल होऊ दे, मग बघू. ती म्हणाली, "पिस्तुलाचा काय संबंध?" संबंध असा की एकदा डॉक्टरांच्या हातात सापडलं की दहा टेस्ट, आणि डिसेंबरच्या शेवटी सोडत आहे. यासीन तिथे पडून आहे. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग जेवायला वाढलं. मटणाचे तुकडे हल्ली ती फार बारीक करते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सरावाला उभा राहिलो. लिहिण्यासारखं नाही. हात वर केला की पिस्तूल खाली ओढतं, जणू कुणी नळीला पिशवी अडकवली आहे. नवा चष्मा मानवत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

जोडणीला खरी सुरुवात. क्लबच्या शस्त्रांच्या खोलीत मी आणि सिराजभाई. नळी बसली, सिलिंडर बसलं, हवा कुठेही गळत नाही. मूठ अजून खडबडीत आहे पण जागेवर बसते. टेबलावर ठेवून लांबून पाहिलं. इतक्या जणांच्या घरून आलेले तुकडे, पण एका घरातलं वाटतं. मला फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण बोलायला कुणी नाही.

ट्रिगरचं काम मात्र नाजूक. खटका कितपत अडकेल ते एका बारीक स्क्रूने ठरतं, आणि तो स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर दुसरा आवळायचा. तो दुसरा आवळताना मला दोन्ही हात लावावे लागले. सिराजभाई म्हणाले, "द्या, मी आवळतो." मी म्हटलं, "दोन माणसांनी ट्रिगरला हात लावायचा नाही. जबाबदारी एकाचीच पाहिजे."

"दत्ताभाऊ, घाई नाय काय. इंशाल्ला होईल."

"झालंय."

ते माझ्याकडे पाहत होते. मला त्यांचा राग आला. वीस वर्षांची ओळख, आणि मी त्यांच्याशी त्या आवाजात बोललो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

लिहायला जमत नाही, तरी लिहितो.

आज चाचणी होती. आधी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचं वजन तपासलं. पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून उचलायचं, तरी तो सुटता कामा नये. नाही सुटला. मग रेंजवर उभा राहून छर्रा भरला. भरल्यावर नळीमागचा, छर्ऱ्याची जागा झाकणारा दांडा दाबून बंद करायचा असतो. तो उजव्या अंगठ्याने दबेना, म्हणून मी पिस्तूल टेबलाच्या कडेला टेकवलं आणि तळव्याने दाबलं. त्यात नळी डावीकडे गेली. सिराजभाई बाजूला होते, ते एकदम पुढे आले. दांडा बसला आणि त्याच क्षणी पिस्तूल उडालं. ट्रिगरला माझं बोट नव्हतं.

छर्रा त्यांच्या डोळ्याखाली, गालाच्या हाडात बसला.

ते ओरडले नाहीत. खाली बसले आणि हाताने गाल धरून म्हणाले, "पिस्तूल खाली ठेवा आधी." मी ठेवलं.

इमर्जन्सीत छर्रा काढला. डोळा वाचला. अर्ध्या बोटाने वर असता तर, असं डॉक्टर म्हणाला. सिराजभाईंच्या पत्नी मसूदाभाभी बाकावर बसून दुआ पुटपुटत होत्या, माझ्याकडे पाहिलं नाही.

रेंजवर कुणी भरलेल्या पिस्तुलासमोर यायचं नसतं. हे सिराजभाईंनीच इतक्या लोकांना शिकवलं आहे. ते रेंज ऑफिसर आहेत. का आले पुढे?

१४ डिसेंबर, शनिवार

फराजने दोघांना बोलावून लेखी जबाब घेतले. सिराजभाई गालाला पट्टी लावून आले होते. त्यांनी सांगितलं, चूक माझी, मी रेषेच्या पुढे गेलो, आणि दांड्याला माझा हात लागला.

हात लागला नव्हता. मी तोंड उघडणार होतो, त्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी गप्प राहिलो.

माझ्या जबाबात मी लिहिलं की ट्रिगरमधला जुना खटका घासलेला होता आणि मी ते आधीच सांगितलं होतं. हे खरं आहे. फराजचा चेहरा पडला.

१८ डिसेंबर, बुधवार

सिराजभाईंचं रेंज ऑफिसरपद काढून घेतलं. क्लबात यायलाही दोन महिने बंदी. पिस्तूल सील करून तिजोरीत. सोडत पुढे ढकलली. यासीनची बायको फोन करायची ती अजून सिराजभाईंनाच करते, आणि ते तिला सांगतात, थोडं थांब ताई.

मी दिवसभर ऑफिसात एक मीटर कॅलिब्रेट करत होतो. जमला नाही. दुसऱ्याला दिला.

२० डिसेंबर, शुक्रवार

सिराजभाईंच्या घरी गेलो. मसूदाभाभींनी दार उघडलं, पाणी आणून दिलं आणि आत गेल्या. गाल अजून निळाजांभळा आहे.

मी म्हटलं, "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तुमची नोकरी कागदपत्रांवर आहे. शस्त्राच्या बाबतीत नाव खराब झालं तर व्हिसा रिन्यू करताना विचारतात. माझं काय, माझा धंदा लेथचा."

"पण चूक खटक्याची होती."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "सील करण्याआधी मी ट्रिगर उघडून पाहिला. फराज फोनवर होता तेव्हा. खटका ठीक आहे. वरचा स्क्रू सैल होता, दत्ताभाऊ. नुसत्या नखाने फिरला."

"मी आवळला होता. दोन्ही हातांनी आवळला होता."

"होय. मी बघत होतो ना."

मी विचारलं, "मग पुढे कशाला आलात?"

"नळी फिरताना दिसली. म्हटलं हात देऊ. गेले तीन-चार महिने तुमच्या हाताजवळ हात ठेवूनच उभा असतो मी. चहाचा कपसुद्धा तुम्हाला अर्धाच भरून देतो. तुम्हाला कळलं नाय?"

आतून मसूदाभाभी बाहेर आल्या. त्या दारामागे उभ्या असाव्यात. म्हणाल्या, "भाऊ, सुनीतावहिनी माझ्याकडे येऊन रडून गेली. दोनदा. तुम्ही दवाखान्यात जा. ह्यांच्या गालाचं सोडा, तो भरेल."

घरी आलो. सुनीता कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, ती अपॉइंटमेंट परत घे. तिने हातातला कपडा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि आत जाऊन फोन केला. मला वाटलं होतं, भांडेल.

२९ डिसेंबर, रविवार

स्नायूंत सुया टोचून तपासणी झाली. सुई आत गेली की मशीनमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. निरोगी स्नायू ढिला सोडला की काहीच आवाज येत नाही म्हणे. माझ्या दोन्ही हातांतून येत होता, आणि उजव्या पायातूनही.

डॉक्टरने माझा तळहात उघडून अंगठ्याखालच्या खळग्यावर बोट फिरवलं. हे कधीपासून आहे, विचारलं.

मला तो लांबीचा साचा आठवला. लाकूड आकसलं नव्हतं.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शाबूत राहतं. औषधाने थोडा वेग कमी होतो, बरं होत नाही. डॉक्टर केरळचा, तरुण, सभ्य. त्याने सुनीताकडे बघून सांगितलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघून सांगा. मग त्याने परत सगळं सांगितलं.

गाडी सुनीताने चालवली. सीफच्या सिग्नलला ती म्हणाली, "भूक लागलीये का?" मी हो म्हटलं. खरंच लागली होती. एका इराण्याच्या दुकानातून खुब्जच्या रोट्या आणि कबाब घेतले आणि गाडीतच खाल्ले. ती मला घास करून देत होती. मी घेतले.

कस्तुरीला परीक्षेनंतर सांगू, असं ठरवून घरी आलो. ती टेबलाशी बसली होती, लॅपटॉपवर आजाराचं नाव उघडलेलं. तिने दिवाळीलाच शोधलं होतं. मला धरून मराठीत म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं." तिच्या तोंडून इतकं सरळ मराठी वाक्य कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

१० जानेवारी, शुक्रवार

क्लबात जाऊन सगळं सांगितलं. स्क्रू, हात, आजार, सिराजभाईंचा खोटा जबाब आणि माझं गप्प बसणं. उभं राहून बोलत होतो, पाय थरथरायला लागला म्हणून फराजने खुर्ची दिली. मी त्याची माफी मागितली. त्याच्या खटक्याला दोष दिला होता. तो म्हणाला, "छोड़िए दत्ताजी," आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

सिराजभाईंची बंदी उठली. मला शस्त्राला हात लावायला मनाई. बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं.

मग पिस्तूल कोण पुरं करणार हा प्रश्न आला. सिराजभाई म्हणाले, लेथचं काम मी कितीही करीन, पण ट्रिगरचं आणि मुठीचं बारीक काम माझ्या जाड बोटांचं नाही. कुणीतरी म्हणालं, सोडून द्या, रोख रक्कम ठेवा बक्षीस.

सुनीता मला न्यायला आली होती. ती दाराशी उभी होती. ती इथे एका डेंटल लॅबमध्ये दातांच्या कॅपा घडवते, दिवसभर भिंग लावून. ती म्हणाली, "हे सांगतील, मी करते."

मी म्हटलं, तुला पिस्तुलाचा तिटकारा आहे.

"आहेच," ती म्हणाली. "यासीनचा नाहीये."

२४ जानेवारी, शुक्रवार

गेले दोन शुक्रवार आम्ही शस्त्रांच्या खोलीत बसतो. सिराजभाई समोर, सुनीता भिंग लावून, मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून. सुरुवातीला मी फार ओरडलो. "असं नाही, उलटं धर, अगं कडेने घास." तिने एकदा कानस खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही बोट दाखवू नका. शब्दांत सांगा. मला शब्दांतून कळायला हवं, पुढे तेच लागणार आहे." सिराजभाई उठून बाहेर गेले.

तेव्हापासून शब्दांत सांगतो. कठीण आहे. हाताला माहीत असलेल्या कितीतरी गोष्टींना माझ्याकडे नाव नव्हतं. "इथे तांदळाएवढं" असं काहीतरी म्हणतो आणि तिला कळतं.

आज ट्रिगरचे दोन्ही स्क्रू तिने आवळले, सिराजभाईंनी तपासले. मग त्यांनी पिस्तूल रेषेवर नेऊन, नळी टार्गेटकडे ठेवून वारंवार उघडझाप करून पाहिलं. एकदाही सुटलं नाही. मग पाच छर्रे झाडले, पाचही काळ्या वर्तुळात.

मला धरायला मनाई आहे. सुनीताने लाकडाला शेवटचं तेल लावलं तेव्हा मूठ वेगळी काढलेली होती, ती शस्त्र नाही, म्हणून तिने माझ्या हातात दिली. गरम होती, तिच्या हातांनी.

३१ जानेवारी, शुक्रवार

सोडत झाली. तिकिटं सगळी गेली. ज्यांनी पार्ट दिले त्यांनीही घेतली, सुताराने घेतलं. स्ट्रेचर, नर्स, तिकडची अ‍ॅम्ब्युलन्स, सगळं भागतं.

चिठ्ठी निघाली इक्राची. आमच्याकडे नव्याने शिकणारी मुलगी, बँकेत असते. तिने पिस्तूल हातात घेतलं आणि संकोचून म्हणाली, "अंकल, थोड़ी ढीली है."

तिचा हात लहान आहे. मी तिला सांगितलं, अंगठ्याखाली लाकडाची लांबी भरून घे, आणि बोटांच्या बाजूने हळूहळू तास, घाई करू नको. सुनीता शेजारी उभी राहून ऐकत होती. मूठ बदलणार, वर्षभरात तिच्या हाताची होऊन जाईल. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तितकं वाटलं नाही. नंतर गाडीत वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे अक्षर सुनीताचं आहे. बोलतोय मी. पेन आता धरवत नाही, आणि ही वही तिने आजवर उघडली नव्हती. मागची पानं तिने आज वाचली. चिकटपट्टीच्या बटणांपाशी हसली, बाकी ठिकाणी नाही.

ऑफिसात राजीनामा दिला. कस्तुरीची परीक्षा संपली की कुडाळला जाणार. माझा भाऊ खालची खोली रिकामी करतो आहे. कस्तुरी म्हणते, कॉलेज तिकडचंच बघते. मी नाही म्हटलं, तिने ऐकलं नाही.

यासीन आज घरी गेला. सकाळी हॉस्पिटलात मी, सुनीता आणि सिराजभाई होतो. त्याला नवा सदरा घातला होता, दाढी केली होती. सिराजभाईंनी त्याच्या बायकोला फोन लावून त्याच्या कानाशी धरला. ती बोलत होती, हा नुसता हं हं करत होता. मी त्याला सांगितलं की पिस्तूल छान झालं. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. कुणी सांगितलं असेल, किंवा त्याला दिसलं असेल. त्याने आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला. त्याच्या हाताला अजून चांगली पकड आहे.

अ‍ॅम्ब्युलन्सवाले यायला वेळ होता. नर्स त्याची चादर बदलायला आली. एकटी होती, छोटीशी, फिलिपिनो. सुनीताने तिला विचारलं, एवढा मोठा माणूस तू एकटी कशी वळवतेस? नर्सने दाखवलं. त्याचा पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आपल्याकडे ओढायचं. पाठीने नाही, पायांनी जोर लावायचा. सुनीता म्हणाली, परत दाखव. नर्सने परत दाखवलं. मग सुनीताने पर्स सिराजभाईंकडे दिली, बाह्या वर केल्या आणि स्वतः करून पाहिलं. यासीन तिच्याकडे वळला. मी भिंतीला टेकून उभा होतो. ती हे कुणासाठी शिकते आहे ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, यासीनलाही. तो निमूट पडून राहिला, तिला नीट करता यावं म्हणून.

इथे सुनीता लिहायची थांबली. म्हणाली, "हे लिहायलाच हवं का?"

मी म्हटलं, हो, लिही.

"मग पुढचं माझं मी लिहिते," ती म्हणाली.

तो जड होता. मला जमलं.